माळ्यावरच्या गाठोड्यातली तारीख

१९ फेब्रुवारी हा दिवस कोणाचा, हे महाराष्ट्रातलं कोणतंही शाळकरी मूल सांगेल. पण सव्वाशे वर्षांपूर्वी शिवजन्माची तारीख पुण्यातल्या जाणत्या अभ्यासकांना विचारली असती, तर त्यांनी वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे इसवी सन १६२७ असं सांगितलं असतं. बखरींची परंपरा तशी होती आणि सगळे तीच धरून चालले होते. ती परंपरा हलवली एका घरात जपून ठेवलेल्या काही पानांनी. घर होतं भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांचं.

जेध्यांचा एक पूर्वज, कान्होजी, शिवाजी महाराजांच्या पहिल्या साथीदारांपैकी. त्या घराण्यात कोणीतरी शकावली लिहून ठेवली होती. शक, महिना, तिथी आणि त्या दिवशी काय घडलं याची एक-दोन ओळींची नोंद, एवढंच तिचं रूप. वर्णन नाही, अलंकार नाही, कोणाची स्तुतीही नाही. हे कागद लोकमान्य टिळकांच्या हाती आले आणि १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाच्या वृत्तात टिळकांनी ते टिपणांसह छापले. त्यात शिवजन्माची नोंद होती: शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र.

अशा नोंदीवर विश्वास ठेवायचा की नाही, हे ठरवता येतं, आणि मला यातला सगळ्यात थक्क करणारा भाग तोच वाटतो. आपल्या जुन्या कालगणनेत एकाच दिवसाला अनेक नावं असतात. तिथी चंद्रावरून येते, संवत्सराचं नाव साठ वर्षांच्या चक्रातून येतं आणि वार मात्र आकाशाकडे न बघता आपल्या गतीने चालत राहतो. नक्षत्र तिथीशी बऱ्यापैकी बांधलेलं असतं. वार तसा बांधलेला नसतो. मागाहून कोणी तारीख रचायला बसला, तर शंभर वर्षांपूर्वीच्या फाल्गुन वद्य तृतीयेला कोणता वार होता हे त्याला नीट गणित केल्याशिवाय कळणार नाही. शकावलीतली नोंद गणिताला लावली की वार शुक्रवारच येतो. चारही खुणा एकाच दिवशी येऊन भेटतात.

पुढे आणखी दोन ठिकाणांहून पुरावा आला. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्याची पोथी तंजावरला मिळाली. तिकडे जोधपूरला एका ज्योतिषी घराण्याच्या संग्रहात शिवाजी महाराजांची कुंडली सापडली. मावळातलं देशमुखाचं घर, तमिळ मुलखातला ग्रंथसंग्रह आणि मारवाडातलं ज्योतिष्याचं दप्तर ही एकमेकांपासून दूरची ठिकाणं, तरी तिन्हीकडे तीच तिथी निघाली. ती म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, आणि राज्य सरकारनेही पुढे हीच तारीख मानली. जाता जाता एक गोष्ट सांगतो. १९ फेब्रुवारी १६३० ही त्या काळी इंग्रज वापरत असलेल्या ज्युलियन पंचांगाची तारीख आहे. आज भिंतीवर असलेल्या ग्रेगरी पंचांगाप्रमाणे तो दिवस १ मार्च येतो. वार दोन्हीकडे शुक्रवारच.

आता विचार करा, ती पानं कारीच्या घरात टिकली नसती तर? वाळवी लागली असती, किंवा वाड्याची वाटणी होताना कोणी ती रद्दीत काढली असती? आपल्याला काय गमावलं याचा पत्ताही लागला नसता.

अशी पानं शोधणारी, लावणारी आणि लोकांपुढे मांडणारी माणसं महाराष्ट्रात एका विशिष्ट कारणाने उभी राहिली. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि सरकारी दप्तर कंपनीच्या ताब्यात गेलं. कोणाचं इनाम खरं, कोणाचं खोटं हे ठरवण्यासाठी इंग्रजांना त्या कागदांची गरज होती, म्हणून दप्तर जपलं गेलं. १८९१ मध्ये त्यासाठी पुण्यात दगडी इमारत बांधली. पण इतिहासाच्या अभ्यासकाला तिथे सहज शिरकाव नव्हता. गोविंद सखाराम सरदेसायांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड छापले गेले ते १९३० ते १९३४ या काळात. तोवर मधली शंभरावर वर्षं गेली होती.

दार बंद म्हणून माणसं गावोगाव फिरली. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला. त्यातला मोठा ऐवज वाईत मिळालेल्या पत्रांचा होता आणि ती पत्रं पानिपतापूर्वीच्या दहा-अकरा वर्षांची होती. पुढे एकूण २२ खंड झाले. त्यांची शिस्त कडक होती. कागद आधी आहे तसा, मूळ शब्दांत, पूर्ण छापायचा आणि मग त्यावर बोलायचं. एका माणसाने कागद वाचून इतरांना सार सांगावं, हे त्यांना पुरेसं वाटत नव्हतं. तोच कागद दुसऱ्यालाही वाचता आला पाहिजे आणि पहिल्याची चूक काढता आली पाहिजे. आज हे साधं वाटतं. त्या काळी कागद म्हणजे वतनाचा पुरावा होता आणि तो परक्याला दाखवला तर आपली जमीन जाईल, ही भीती घराघरात होती. अशा घरातून कागद बाहेर काढून तो छापून सर्वांचा करणं म्हणजे लोकांचा विश्वास मिळवण्याचं मोठं काम होतं.

राजवाडे सर्वांना ठाऊक असतात. मला जास्त ओढ वाटते ती त्यांच्यासारख्या, पण एका गावात रुतून बसलेल्या माणसांची. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे शाळेत संस्कृत शिकवायचे. शाळा सुटली की पटवर्धन सरदारांच्या दप्तराशी त्यांची गाठ असायची. त्यातून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' उभा राहिला आणि त्याचे भागामागून भाग त्यांनी काढले. धुळ्याचे वकील शंकर श्रीकृष्ण देव रामदासी मठ धुंडाळत हिंडले आणि तिथली बाडं त्यांनी गोळा केली. ती आज धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. राजवाडे १९२६ च्या शेवटच्या दिवशी धुळ्यातच वारले आणि पाठोपाठ तिथल्या मंडळींनी राजवाडे संशोधन मंडळ काढलं. गोव्यात सत्तरीतल्या पिसुर्ल्याचे पांडुरंग पिसुर्लेकर पोर्तुगीज सरकारच्या दप्तरखान्याचे प्रमुख होते. त्या दप्तरखान्याची सुरुवात १५९५ ची, आणि पहिला रखवालदार दियोगो दो कूतो हा इतिहासकार. पिसुर्लेकरांनी तिथल्या पोर्तुगीज कागदांतून मराठ्यांचा असा इतिहास बाहेर काढला, जो मराठी कागदांत कधी सापडला नसता.

हे दप्तर प्रत्यक्षात दिसतं कसं? कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा म्हणजे रुमाल. गाठ सोडली की आधी वास येतो, जुन्या कागदाचा आणि वेखंडाचा. कागद हातचा, जुन्नरचा किंवा दौलताबादेकडचा, दगडाने घोटून गुळगुळीत केलेला. घडी उलगडताना कधी कधी बोटाला बारीक कण लागतात. शाई सुकावी म्हणून लिहून झाल्यावर कागदावर वाळू टाकत, त्यातलीच ही. अडीचशे वर्षांपूर्वी कुणा कारकुनाने चिमटीने टाकलेली वाळू अजून घडीत बसलेली असते.

आणि शाई! ती काल लिहिल्यासारखी काळी असते. ती काजळीची, म्हणजे कार्बनची. कार्बन उन्हाने उडत नाही आणि कागदाला खातही नाही. युरोपातली जुनी शाई मायफळ आणि लोखंडाच्या क्षाराची. ती आम्लधर्मी असते आणि काळाच्या ओघात अक्षराच्या जागी कागदाला भोक पाडते. गोव्यातल्या पोर्तुगीज बाडांना हा रोग लागलेला आहे. मराठी रुमालांना नाही. मराठी शाईचा शत्रू पाणी आहे, कारण काजळीला कागदावर धरून ठेवतो तो डिंक, आणि डिंक पाण्यात विरघळतो. म्हणून एका पावसाळ्यात गळलेलं छप्पर दोनशे वर्षांच्या वाळवीपेक्षा जास्त नुकसान करू शकतं.

कागदावर असते मोडी. लेखक आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढतो आणि मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरं लिहीत जातो. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. शब्द कुठे संपला हे वाचणाऱ्याने ठरवायचं. गावातल्या माणसाचं मोल इथे कळतं. लिपी कोणालाही शिकता येते. पण ओळीत मध्येच एखाद्या शिवाराचं, ओढ्याचं किंवा वाडीचं नाव आलं, तर बाहेरच्या पंडिताला ती नुसती अक्षरांची रांग दिसते. त्या गावात वाढलेला माणूस मात्र म्हणतो, 'अहो, हे तर आमच्या खालच्या आळीचं नाव आहे.' आणि अडलेली सगळी ओळ सुटते.

मोडी सुटली तरी तारीख उरते. पत्रावर पुष्कळदा फक्त 'छ' आणि चंद्राचा आकडा असतो, पुढे मुसलमानी महिना. साल लिहिलंच तर ते अरबी शब्दांत. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. एकत्र ११६१. हा शुहूर सन. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन येतो, १७६०. गंमत अशी की नावं अरबी असली तरी हे वर्ष सुरू होतं सूर्य मृग नक्षत्रात शिरतो तेव्हा, म्हणजे शेतकरी पेरणीची तयारी करतो त्या दिवसांत. म्हणूनच त्याला मृगसाल म्हणत. वसुली पिकावर अवलंबून आणि पीक पावसावर. नुसत्या चांद्र वर्षाने हा हिशेब जमला नसता, कारण ते दर साली दहा-अकरा दिवस मागे सरकतं.

पानिपतचं युद्ध पौष शुद्ध अष्टमीला, शके १६८२ मध्ये झालं. शकात ७८ मिळवा म्हटलं तर १७६० येतात, आणि नवखा माणूस इथेच फसतो. पौषात पुष्कळदा इंग्रजी वर्ष उलटून गेलेलं असतं, तेव्हा ७९ मिळवायचे. १४ जानेवारी १७६१. शुहूर सनाचंही तेच. जानेवारी लागला की ५९९ ऐवजी ६००. एका पत्राचं साल एका वर्षाने चुकलं, तर युद्धाआधीची चिंता युद्धानंतरची ठरते आणि सगळ्या घटनांचा अर्थच उलटतो. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शास्त्र शिकवणाऱ्या बाळाजी प्रभाकर मोडकांनी जंत्री करून ठेवली आणि पुढच्या पिढ्यांचं हे काम हलकं केलं. साल लिहिलेलं नसेल तेव्हा तर मजकुरातूनच ते शोधायचं. कोण जिवंत आहे, कोणाला कोणतं पद आहे, नदीला पूर आहे की नाही, धान्य कोणत्या भावाने विकलं जातंय, अशा खुणांवरून.

पण कोणी मला एकच कागद दाखवायला सांगितला तर मी राजाचं पत्र दाखवणार नाही. मी महजर दाखवीन. पाटीलकीवरून, वतनावरून भांडण झालं की दोन्ही पक्ष आपापला करीना देत, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची हकीकत. गोतसभा जमे आणि निवाडा लिहिला जाई, तो महजर. कागदाचे तुकडे चिकटवून त्याची लांबच लांब गुंडाळी करत. मधला तुकडा काढून कोणी दुसरा घालू नये, म्हणून जोडांवर शिक्का मारत. आणि शेवटी साक्षी येतात. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या नावापुढे त्यांची निशाणी काढलेली असते. पाटलाचा नांगर. न्हाव्याचा आरसा. परटाची मोगरी. सुताराचं किंकरं. कुठे रेघ थरथरलेली, कुठे ठाशीव. सबंध गाव एका कागदावर हजर आहे, आपापल्या कामाच्या हत्याराने सही करून. इतिहास फक्त राजे आणि सरदारांचा असतो असं ज्याला वाटतं, त्याने हा कागद एकदा हातात घ्यावा. पण या निशाण्यांत जातीची उतरंडही आहे, हे विसरता येत नाही. कोणाचं नाव आधी, कोणाचं शेवटी आणि कोणाचं मुळीच नाही, हेही तोच कागद सांगतो.

कागदावर जे आलंच नाही, त्याचं काय? पहाटे जात्यावर बसून बायकांनी गायिलेल्या ओव्या कोणत्याही दप्तरात नोंदल्या गेल्या नव्हत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी पुणे जिल्ह्यातल्या डोंगराळ गावांपासून सुरुवात करून त्या गोळा केल्या. त्यात मोठा वाटा गावातल्याच कार्यकर्त्या बायकांचा होता. पिठाच्या गिरण्या गावोगाव पोचत होत्या आणि जाती बंद पडत होती, तेव्हा या मंडळींनी एक लाखाहून जास्त ओव्या लिहून घेतल्या आणि त्यातल्या काही ध्वनिमुद्रित केल्या. सासर, माहेर, भाऊ, पाऊस, विठोबा, बाबासाहेब आंबेडकर, नवऱ्याचा मार: सगळं त्यात आहे. पुढे 'परी'ने, म्हणजे ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहाने, त्या सर्वांसाठी खुल्या केल्या. पेशवे दप्तराइतकाच हा ऐवज मोलाचा आहे, असं माझं ठाम मत आहे. किंबहुना तो जास्त दुर्मीळ आहे, कारण कागद विसरला तरी गाठोड्यात पडून राहतो. ओवी विसरली की गेली.

आणखी एक दप्तर आहे, तुमच्या घरातल्या कोणी ना कोणी कधीतरी त्यात लिहिलेलं असेल. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. गाव आणि आडनाव सांगितलं की उपाध्ये नेमकी वही काढतात आणि तुमचे पणजोबा कोणाच्या अस्थी घेऊन, कोणाकोणाला घेऊन आले होते, हे पानावर दिसतं, पुष्कळदा त्यांच्याच हस्ताक्षरात. दक्षिण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात हेळवी पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव हिंडून घराण्यांच्या वंशावळी नोंदत आले आहेत. ते दारात येऊन पूर्वजांची नावं वाचून दाखवतात. सरकारी दप्तरखाना नावाची गोष्ट येण्याआधीपासून आपल्या समाजाने स्वतःची नोंद ठेवायची व्यवस्था स्वतःच केली होती.

पुण्यातलं भारत इतिहास संशोधक मंडळ ७ जुलै १९१० रोजी राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी स्थापन केलं. आज तिथे सुमारे १५ लाख कागद आहेत. पण मला मंडळाच्या सभांचं महत्त्व या आकड्याहून मोठं वाटतं. नवा कागद सापडला की तो सभेत वाचायचा, समोर बसलेल्यांनी शंका काढायच्या आणि मग तो छापायचा, अशी ही रीत. ऐकणाऱ्यांत प्राध्यापक असत, तसे कारकून, शिक्षक, वकीलही असत. दप्तर जपणं आणि लोकांना त्यात सामील करणं ही मंडळाने दोन वेगळी कामं मानलीच नाहीत. मंडळात मोडीचे वर्ग चालतात, शासनाचं पुराभिलेख संचालनालयही मोडी शिकवतं. नेटाने बसलं तर काही आठवड्यांत अक्षरं लागू लागतात. आपल्याच पणजोबांचं पत्र आपल्याला वाचता येत नाही, ही स्थिती एवढ्या थोड्या कष्टात बदलते.

तेव्हा एक विनंती. घर बदलताना, वाडा पाडताना, माळा आवरताना गाठोडं सापडलं तर त्याची गाठ घाईने सोडू नका. आधी आहे तसा फोटो काढा, कारण कोणत्या कागदाशेजारी कोणता कागद होता, हीसुद्धा माहिती असते. क्रम मोडला की ती कायमची जाते. कागद ओले असतील तर सावलीत, वाऱ्यावर सुकवा, उन्हात नको. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. प्लास्टिक एकदा चिकटलं की कागद फाडल्याशिवाय निघत नाही. गाठोडं कोणाच्या घरचं, कोणत्या खोलीत होतं, घरातली वडीलधारी माणसं त्याबद्दल काय सांगतात, हे वेगळ्या कागदावर लिहून त्यासोबत ठेवा. घरात ओव्या म्हणणारी आजी असेल तर आजच मोबाइलवर तिचा आवाज घ्या, आणि सुरुवातीला तिचं नाव, माहेरचं गाव आणि तारीख तिच्याच तोंडून बोलून घ्या. मग जवळच्या इतिहास मंडळाला किंवा जिल्ह्यातल्या संग्रहालयाला कळवा. मूळ कागद तुमच्याच घरी राहू द्या, हवे तर. पण त्याची एक छायाप्रत त्यांच्याकडे जाऊ द्या.